लिफ्टमध्ये मावणारा कॅम्पर : छोटी इलेक्ट्रिक व्हॅन राहण्याजोगी कशी करावी

मुंबईत कॅम्पर, म्हणजे गाडीत झोपण्या-राहण्याची मांडणी, बांधायला घेताना पहिलं माप बिल्डिंगच्या लिफ्टचं घ्या. दार किती रुंद, आत किती खोली, छत किती उंच. गाडीचं माप त्यानंतर. इथे घरामागे शेड नसते, सोसायटीत मिळालं तर एकच पार्किंग मिळतं, आणि व्हॅन आठवडाभर नुसती उभी ठेवणं फार थोड्यांना परवडतं. बहुतेकांची गाडी सोमवार ते शुक्रवार धंद्याचा माल वाहते.

म्हणून इथे जो कॅम्पर सांगतो आहे तो पूर्ण सुटा आहे. शुक्रवारी संध्याकाळी तासाभरात गाडीत बसतो आणि रविवारी रात्री लिफ्टने वर जाऊन माळ्यावर किंवा पलंगाखाली राहतो. गाडीला एकही वेल्ड नाही, तळाला एकही भोक नाही. लाकडी भिंती आणि सिंक असलेल्या परदेशी व्हॅनचे व्हिडिओ आपण सगळेच बघतो. पण आपले नियम, आपली दमट हवा आणि आपलं पार्किंग पाहता सुटी मांडणीच योग्य, असं माझं ठाम मत आहे.

गाडी कोणती

टाटा एस ईव्ही मे २०२२ मध्ये आली. २१.३ युनिटची बॅटरी, कागदावर १५४ किलोमीटर रेंज आणि ६०० किलो माल. पुढे तिचीच १,००० किलोची आवृत्ती निघाली. महिंद्राची झिओ ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. कुठलीही घ्या, पण बंद डब्याची घ्या. उघड्या हौद्यावर ताडपत्री टाकून दोन पावसाळे काढता येत नाहीत.

एस ईव्हीचा डबा २०८ घनफुटांचा आहे. लांबी सात फुटांच्या आसपास, त्यामुळे सहा फुटी माणूस लांबीत सरळ झोपू शकतो. केबिनमधून डब्यात जायला वाट नसते, खाली उतरून मागून चढावं लागतं. पावसात हे जाणवतं, पण चालवून घेता येतं. वापरलेली गाडी घेत असाल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या क्षमतेचा छापील अहवाल मागा आणि वॉरंटी तुमच्या नावावर होते का ते लेखी घ्या. बाकी गाडी कशी दिसते याला तितकंसं महत्त्व नाही.

कागद आधी

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये यावर कडक भूमिका घेतली. छत कापणं, खिडकी बसवणं, डब्यात सीट लावणं हे सगळं यात येतं.

कायमस्वरूपी कॅम्परचा रस्ता आहे. केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वाहनांत धरली आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. पण तो रस्ता मंजुरी असलेल्या बॉडी बिल्डरमार्फत जातो. तुमच्या-माझ्यासारख्याने एकाच गाडीसाठी तो धरणं खर्चिक आहे.

सुट्या मांडणीत गाडी मालवाहू म्हणूनच राहते आणि आतलं सामान हे सामानच राहतं. मालवाहू गाडीला फिटनेस तपासणी लागते, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. त्या दिवशी डबा रिकामा करून गाडी न्यायची, प्रश्नच उरत नाही. तरीही काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत (ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली) आणि विमा कंपनीकडे एक साधा अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. अपघात झालाच तर तो कागद तुमच्या बाजूने उभा राहतो.

एक गोष्ट कधीही करू नका. गाडी चालू असताना डब्यात माणूस बसवू नका, मूल तर नाहीच. प्रवास केबिनमध्ये, झोप गाडी उभी असताना. परवान्याची काळजी मात्र नको. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतचं परिवहन वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

बिछाना : तीन खोकी

सगळी मांडणी तीन खोक्यांवर उभी आहे. प्रत्येक खोकं ४८ इंच लांब, २६ इंच रुंद, १४ इंच उंच. तिन्ही एकापुढे एक लावली की साडेसहा फूट लांब आणि चार फूट रुंद बिछाना तयार होतो. बाजूला डब्याच्या रुंदीत जी चिंचोळी पट्टी उरेल, तिथे चपला, पाण्याचे कॅन आणि घडीच्या खुर्च्या.

हेच माप का, ते शीटवर मांडून पाहा. आठ बाय चारची शीट म्हणजे ९६ बाय ४८ इंच. त्यातून २६ बाय ४८ ची तीन झाकणं सरळ निघतात, ७८ इंच जातात आणि १८ इंचांची पट्टी उरते. ती घडीच्या टेबलाला लागते, वाया काही जात नाही. झाकणांना १२ मिलिमीटर, बाजूंना ९ मिलिमीटर प्लाय पुरतो. लांब बाजू एका शीटमध्ये बसतात, आखूड बाजूंना दुसरी शीट लागते आणि तिच्या उरलेल्या भागात स्वयंपाकाचं खोकं होतं. प्लाय घ्यायचा तो आयएस ७१० चा, म्हणजे मरीन. शिक्का शीटवर स्वतः वाचा. कमर्शियल प्लाय मुंबईच्या एका पावसाळ्यात कडेने फुलतो. कापलेल्या प्रत्येक कडेला सीलर किंवा दोन हात पॉलियुरेथेनचे द्या, आतल्या बाजूनेही.

खोक्यांना तळ लावू नका. वजन वाचतं आणि आत हवा फिरते. सामान भाजीवाल्यांकडे असतात तसल्या प्लास्टिकच्या जाळीदार क्रेटमध्ये ठेवा. बाजूंना हात घालण्याइतकी लांबट भोकं पाडा. असं एक खोकं साधारण १५ किलोचं होतं, दोघांना सहज उचलता येतं आणि उभं केलं की बहुतेक सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये जातं. तुमच्या लिफ्टचं दार २६ इंचांहून अरुंद असेल तर चार खोकी करा.

स्क्रू स्टेनलेसचे, ३०४ ग्रेडचे. किनाऱ्यावर वारंवार जाणार असाल तर ३१६ घ्या. खोक्यांखाली रबरी मॅट, पहिलं खोकं डब्याच्या पुढच्या भिंतीला टेकलेलं, आणि सगळ्यांवरून डब्यातल्या हुकांना आवळलेले दोन रॅचेट बेल्ट (दातेरी कडीने ताणायचे पट्टे). ब्रेक लागला की सामान पुढे धावतं, म्हणून भिंत आणि खोकं यांत बोटभरही फट ठेवायची नाही. बेल्ट, मॅट आणि बोल्ट नागदेवी स्ट्रीटवर एकाच फेरीत मिळतात. गादी चार इंची फोमची, तीन तुकड्यांत, धुता येईल अशा कव्हरची.

वजनाचा हिशोब

नोंदणी पुस्तकात रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं वजन दिलेलं असतं. दोन्हींतला फरक हा तुमचा कोटा. दोन माणसं १४० किलो, खोकी ४५, गादी ८, बॅटरीची पेटी १८, पाणी २०, स्वयंपाक आणि कपडे ४० धरा. सगळं मिळून पावणेतीनशे किलोच्या आत बसतं. थोडक्यात, गाडीला वजनाचा त्रास नाही, त्रास तुमच्या कंबरेला आहे. एकदा पूर्ण भरून वजनकाट्यावर नेऊन पावती मात्र घ्या.

हवा

या विषयावर सगळ्यात कमी बोललं जातं, आणि जिवाशी गाठ इथेच आहे.

२०८ घनफूट म्हणजे जेमतेम सहा घनमीटर. दोन माणसं झोपेत तासाला पंचवीस-तीस लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. दारं घट्ट लावून झोपलात तर तासाभरात डब्यातल्या हवेत त्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या घरात जातं, आणि पहाटेपर्यंत दोन-तीन टक्क्यांवर. डोकं ठणकतं, श्वास जोरात होतो, पुढे धोका वाढत जातो. शिवाय दोघांच्या श्वासातून रात्रभरात अर्धा-पाऊण लिटर पाणी हवेत येतं आणि भिंतींवर बसतं. बंद डब्यात बंद दाराने झोपायचंच नाही, हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे.

उपाय मागच्या दाराच्या जागी बसणारी जाळीची चौकट. बिल्डिंगच्या खिडक्या करणारा अल्युमिनियम सेक्शनवाला प्रत्येक गल्लीत असतो, त्याच्याकडून दाराच्या आतल्या मापाची चौकट करून घ्या, दोन भागांत, म्हणजे लिफ्टमध्ये जाईल. खालच्या भागाला डासांची जाळी. वरच्या सहा इंचांत पक्की पट्टी आणि तिच्यात संगणकाचे १२० मिलिमीटरचे दोन पंखे, १२ व्होल्टवर चालणारे, लॅमिंग्टन रोडला मिळतात ते. चौकटीच्या दोन्ही बाजूंना रबरी टोपीचे लांब बोल्ट लावा. ते बाहेरच्या दिशेने फिरवले की चौकट डब्याच्या भिंतींत घट्ट अडकते आणि भोक पाडावं लागत नाही.

पण पंखे आणि जाळी दोन्ही मागेच असतील तर हवा मागच्या मागेच फिरेल आणि डोक्याकडची हवा कुंद राहील. म्हणून दोन्ही पंख्यांना डब्याच्या आतल्या बाजूने चार इंची लवचीक पाइप जोडा, स्वयंपाकघराच्या चिमणीला असतो तसला, आणि तो छताच्या कडेने पुढच्या भिंतीपर्यंत न्या. पंखे पुढची गरम, दमट हवा पाइपातून ओढून मागे वरून बाहेर टाकतात आणि ताजी हवा खालच्या जाळीतून आत येते. पाइपामुळे पंख्यांचा जोर घटतो. तरी मिनिटाला ३० घनफूट हवा बाहेर गेली तर दर सात मिनिटांनी सगळा डबा बदलतो. एप्रिलच्या रात्री अंगावर वारा हवाच, त्यासाठी दोन क्लिपवाले पंखे वेगळे लावा.

आता दाराची कडी. मालवाहू डब्याचं दार बाहेरून बंद होतं आणि आतून उघडत नाही. म्हणून झोपण्याआधी दोन्ही दारं पूर्ण मागे वळवून डब्याच्या बाजूला हुकने अडकवा. मग कडीच्या दांड्यावर असं कुलूप घाला की दार सरकून लागूच शकणार नाही, आणि किल्ली तुमच्या उशाशी ठेवा. चौकटीचे बोल्ट आतून हाताने सुटले पाहिजेत, अंधारात, पान्याशिवाय. सोबत येणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा डोळे मिटून सोडवून पाहावेत.

पावसाची सर आली तर दारं नव्वद अंशांत उभी करून वर ताडपत्री टाका, छोटा ओटा तयार होतो.

उष्णतेचं म्हणाल तर भिंतींपेक्षा छत तापतं. दिवसा गाडी उभी असताना छतावर चार-सहा इंच अंतर ठेवून पांढरी ताडपत्री ताणली की आतला फरक हाताला कळतो. छताच्या आतून फॉइल लावलेली बंद पेशींची फोम शीट, बारा मिलिमीटरची, बंजी दोरीवर टेकवा. काचलोकर नको, ती ओल धरून ठेवते. एसीचा विचारही सोडा, त्याची गरज भागवणारी बॅटरी या डब्यात आणि या लिफ्टमध्ये बसत नाही.

वीज

गाडीखालची नारिंगी केबल म्हणजे उच्च दाबाची वाहिनी. तिला, तिच्या पेटीला आणि मुख्य बॅटरीला हात लावायचा नाही, कोणत्याही मेकॅनिकला लावू द्यायचा नाही. एवढी मोठी बॅटरी खाली असताना वर वेगळी कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण तिथून वीज काढायची सोय कंपनीने दिलेली नसेल तर वॉरंटी आणि जीव दोन्ही धोक्यात जातात.

वेगळी १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या, म्हणजे सुमारे १.२८ युनिट. पाइपाचे पंखे, क्लिपचे पंखे मिळून ३५ वॉट धरले तर नऊ तासांत तीनशेहून थोडे अधिक वॉट-तास. दिवे आणि फोन मिळून शंभर. दोन रात्री आरामात निघतात. लहान कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला चार-पाचशे वॉट-तास खातो. दोन रात्रींसाठी मी बर्फाची पेटीच सुचवेन.

बॅटरी एका झाकणाच्या पेटीत, पेटीला दोन्ही बाजूंनी हँडल. धन टोकापासून वीतभराच्या आत ६० अँपिअरचा एएनएल फ्यूज, तिथून १६ चौरस मिलिमीटरची केबल फ्यूजबॉक्सपर्यंत, पुढे प्रत्येक लाइनला वेगळा लहान फ्यूज आणि अडीच चौरस मिलिमीटरची वायर. घरातल्या विजेचा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) इथे वापरू नका, बॅटरीच्या डीसी विजेची ठिणगी तो नीट तोडत नाही. लग्स, म्हणजे केबलच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या टोप्या, क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबून घ्या. पक्कडीने दाबलेला लग गाडीच्या हादऱ्यांनी ढिला होतो आणि तापतो. लोहार चाळीत केबल, लग, फ्यूज सगळं मिळतं, आणि तिथलेच दुकानदार लग दाबून देतात.

ही पेटी घरी साध्या प्लगवर चार्ज करून न्यायची. वाटेत भर घालायला १०० वॉटचं घडीचं सोलार पॅनेल पुरतं. थंडीच्या स्वच्छ दिवशी ते साडेतीनशे-चारशे वॉट-तास देतं. पॅनेल छतावर पक्कं बसवू नका. गाडी झाडाखाली आणि पॅनेल उन्हात, हे सुटं असेल तरच जमतं.

इंडक्शन या बॅटरीवर नको. पंधराशे वॉटला १३० अँपिअर ओढले जातात आणि पाऊण तासात बॅटरी संपते. जिथे मुक्काम आहे तिथल्या प्लगवर इंडक्शन, नाहीतर डब्याबाहेर, उघड्यावर छोटी गॅसशेगडी. डब्यात ज्योत पेटवायची नाही, उदबत्तीसुद्धा नाही. दाराजवळ हाताला येईल असा एबीसी पावडरचा अग्निशामक आणि छताला धुराचा अलार्म ठेवा.

मुक्काम आणि चार्जिंग

कागदावरची १५४ किलोमीटर रेंज विसरा, १०० धरून आखणी करा. कर्जत, वाडा, मुरबाड, अलिबाग हे आपलं वर्तुळ. अलिबागला रस्त्याने रेंज घालवण्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट धरा. मार्च २०२० पासून ती गाड्या नेते, आणि मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटरवर आहे.

मुक्कामाला कृषी पर्यटन केंद्र किंवा ओळखीच्यांचं अंगण उत्तम. फोनवर एकच प्रश्न विचारा: "पंधरा अँपिअरचा प्लग आहे का, आणि त्याला अर्थिंग आहे का?" ३.३ किलोवॉटचा चार्जर १४ अँपिअरच्या वर ओढतो, तोही सहा-सात तास सलग. सोबत दोनशे-तीनशे रुपयांचा सॉकेट टेस्टर ठेवा. अर्थिंग नसेल तर टेस्टरचा दिवा सांगतो, आणि बऱ्याचदा गाडीही चार्ज व्हायला नकार देते. एक्स्टेंशन अडीच चौरस मिलिमीटरचं, तेही पूर्ण उलगडून. गुंडाळी तशीच ठेवली तर वायर आतल्या आत वितळते. तासाभराने प्लगला हात लावून पाहा, चटका बसत असेल तर चार्जिंग थांबवा. संध्याकाळी गावात विजेचा दाब कमी असतो, रात्री अकरानंतर लावलेलं बरं. विजेचे पैसे मीटरचं रीडिंग पाहून, न मागता द्या. यजमानाने पुढच्या वेळी आनंदाने प्लग द्यावा असं वाटत असेल तर हे करा.

घाटाची भीती बाळगू नका, हिशोब करा. दीड टनाची गाडी सहाशे मीटर चढवायला, म्हणजे खोपोलीहून लोणावळ्याला, सुमारे अडीच युनिट लागतात, तोटा धरून तीन. रेंजमधून साधारण पंधरा किलोमीटर कमी. शंभर किलो सामान वाढलं तर त्या चढात युनिटचा सहावा भागच जास्त जातो. रेंज खरी खातो तो वेग आणि छतावर बांधलेलं सामान. या गाड्या ताशी साठच्या आसपासच धावतात, म्हणून एक्स्प्रेसवेपेक्षा जुना हायवे धरा. परतीच्या दिवशी लोणावळ्यात बॅटरी पूर्ण भरू नका. भरलेल्या बॅटरीत उताराची वीज परत जायला जागा नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ऐंशी टक्क्यांवर निघा.

अटल सेतू आणि एक्स्प्रेसवेवरची ऑगस्ट २०२५ पासूनची इलेक्ट्रिक गाड्यांची टोलमाफी मालवाहू गाड्यांना नाही, तेव्हा फास्टॅगमध्ये पैसे ठेवा.

पहिली रात्र आणि नंतर

पहिली रात्र सोसायटीच्या आवारात काढा, वॉचमनला आणि सेक्रेटरींना सांगून. पंख्याचा आवाज, डास कुठून येतात, पहाटे भिंती ओल्या होतात का, हे सगळं तिथेच कळतं. वर जाऊन दुरुस्त करायला घर जवळ असतं. सकाळी सामान उतरवताना घड्याळ लावा. तासाहून जास्त वेळ लागत असेल तर काहीतरी कमी करा, नाहीतर दोन महिन्यांनी तुम्ही जाणंच सोडून द्याल.

जून ते सप्टेंबर मांडणी घरातच राहू द्या. गादीचे तुकडे आडवे न ठेवता उभे ठेवा, बॅटरी निम्मी भरून फ्यूज काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा तिचा व्होल्टेज पाहा. खोकी एकमेकांपासून दोन बोटं लांब. गणपतीनंतर ऊन पडलं की झाकणांच्या कडा तपासा, कुठे प्लाय फुगला असेल तर घासून सीलरचा एक हात द्या, बेल्टचे बकल तेलाने पुसा आणि चौकटीची जाळी बदला.